डावा कान

मकास्सरच्या धक्क्यापासून होडीनं दोन तास.
तिथं, साडेचार मीटर पाण्याखाली,
लोखंडी चांदणीला मी एक कान बांधून ठेवलाय.
दर पंधरवड्याला येते, बॅटरी बदलते,
समुद्राचं बोलणं नखाएवढ्या कार्डात भरून नेते.

प्रवाळाला स्वतःचा आवाज नसतो.
आवाज असतो त्याच्या बिऱ्हाडकरूंचा.
बोटभर कोळंब्या चिमटे वाजवतात
आणि अख्खा खडक तडतडतो,
तापल्या तेलात मोहरी पडावी तसा.
एक मासा घोगरा, एक गंजक्या बिजागरीचा,
एक तर, शपथेवर सांगते, ढेकर देतो.
जिथली बिऱ्हाडं उठली
तिथं तडतड विरळ होत जाते, मग नुसतं पाणी उरतं.
पाणी स्वतःविषयी फारसं काही सांगत नाही.

दाएंग रुरुंग आमच्या होडीचे तांडेल.
उजव्या हाताला तीन बोटं.
त्यांना हाक मारायची ती डावीकडून;
उजवा कान वीस वर्षांपूर्वी गेला.
खताची भुकटी, रॉकेल, बिअरची बाटली,
वात विडीनं पेटवायची,
चारपर्यंत मोजायचं.
एकदा तीनलाच.
मासळीचा भाव सांगावा तसं सांगतात हे.

ज्या उतारावर आम्ही चांदण्या ठोकतो
तो उतार त्यांनीच फोडलेला.
"इथं केवढाली ताटं होती," म्हणतात,
हात पसरतात,
हात पुरत नाहीत.

सहाशे चांदण्या, प्रत्येकीला पंधरा तुकडे,
प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले.
दुसऱ्या वर्षी पाणी तापलं. निम्मे पांढरे पडले,
मग शेवाळले.
मेलेले कापून काढले, नवे बांधले,
दाएंगनी पट्टी दातांनी ओढायची, मी गाठ तपासायची,
असा एक अख्खा उन्हाळा.
माझ्या प्रबंधात हे एका वाक्यात आहे.
कर्मणी प्रयोगात.

काल रात्री धक्क्यावर त्यांना हेडफोन दिला.
पाच वर्षांत कधी दिला नव्हता; का, ते विचारू नका.
त्यांनी तो दोन्ही कानांवर चढवला,
मग उजवी वाटी कपाळावर सरकवली
आणि डोळे मिटले.
चहा निवला. मी वही उघडूनच बसले होते,
काहीतरी बोलतील आणि मी ते वापरीन म्हणून.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"इतकी माणसं!"
माणसंच म्हणाले.

मग हात वर केला. "थांब. मागं घे."
घेतलं.
तडतड, घोगरा, बिजागरी, ढेकर,
आणि लांब कुठंतरी एक बोथट ठोका.
मी तो दोनदा ऐकला होता
आणि फळीवर फळी आपटली म्हणून सोडून दिला होता.
त्यानंतर सगळं गप्प. अकरा सेकंद.
मग एक कोळंबी.
मग आणखी एक.
मग हळूहळू सगळा शेजार.

"लहान बाटली," दाएंग म्हणाले.
"वात आखूड. पोरगा नवा आहे,
इंजिनाचा हप्ता थकला असेल.
घाबरतो, म्हणून लवकर फेकतो.
घाबरणाऱ्याचीच बोटं जातात."

पडद्यावर वेळ होती: मंगळवार, पहाटे पाच सत्तावीस.
मी वहीत लिहिलं: स्फोट, एक, दूरचा.
त्यांनी हेडफोन माझ्या मांडीवर ठेवला,
पायानं चाचपडत चपला शोधल्या
आणि बेटाच्या दक्षिण टोकाकडे निघाले,
जिथं खांबांवरच्या घरांत अजून दोन दिवे जळत होते.

कोण आहे तो, मी विचारलं.
उजव्या बाजूनं विचारलं.